चार वाजताचे बालविद्वान

फार लवकर मोठी झालेली मुलं मी पाहिली आहेत आणि फार उशिरापर्यंत लहान राहिलेली माणसंही पाहिली आहेत, पण हे दोन्ही पराक्रम एकाच जन्मात आणि एकाच गळ्यावर करून दाखवणारा माणूस मला एकच भेटला. तो आमच्या बसवनगुडीच्या घरमालकांचा मुलगा. वयाच्या सहाव्या वर्षी तो मोठा गवई झाला, आणि पुढे डोक्यावरचे केस मागे हटायला लागले तरी त्याला कुणी त्या सहाव्या वर्षातून बाहेर पडू दिलं नाही. त्याच्या शेजारी राहून मी जितका वैतागलो, तितका साहेबामुळे, रेशनच्या रांगेमुळे किंवा सासुरवाडीमुळेही वैतागलेलो नाही.

विमानांच्या कारखान्यात नोकरी लागली म्हणून पन्नासच्या दशकात मी पुण्याहून बंगळुरात आलो. नवीनच लग्न झालेलं, कानडीचा गंध नाही, आणि अशात मराठी बोलणारा घरमालक मिळाला म्हणून आम्ही दोघं हरखून गेलो. घरमालकांना सगळा मोहल्ला अण्णा म्हणायचा. त्यांचे पूर्वज तीनशे वर्षांपूर्वी कुठल्याशा फौजेबरोबर कारकून म्हणून इकडे आले. फौज परत गेली, कारकून राहिले. जागा दाखवताना अण्णा म्हणाले, "पाणी पहाटे येतं. मागे फणस आहे, लागतील तेवढे घ्या. आणि घरात आमचा बालविद्वान आहे, तेव्हा स्वल्प आवाज सांभाळा." बायकोला वाटलं, पाळण्यातलं पोर असेल. तिने कौतुकाने आवाज खाली आणून विचारलं, "झोपलाय का?" अण्णा म्हणाले, "नाही, दाढी करतोय."

थोड्या वेळाने बालविद्वान बाहेर आला. सव्वीस वर्षांचा, चांगला दणकट, गालाला साबण लागलेला आणि भर एप्रिलमध्ये गळ्याला लोकरीचा मफलर. गवयांना विद्वान म्हणायची इकडे पद्धत आहे. हा सहा वर्षांचा असताना लोकांनी कौतुकाने त्याला बालविद्वान म्हटलं, अण्णांनी ते पाटीवर रंगवून दारावर लावलं, पत्रिकांवर छापलं, आणि मग ते काढायचं कुणाला सुचलंच नाही. मुलीचा बाप स्थळ बघायला म्हणून यायचा, फाटकाशी ती पाटी वाचायचा आणि मुलाची मुंज होऊ द्या म्हणून परत जायचा. अण्णांना त्याचं काही वाटत नसे. "लग्नाची काय घाई? मूल आहे अजून," म्हणायचे.

मुलाची बालपणीची कीर्ती अण्णा येणाऱ्या प्रत्येकाला ऐकवत, आणि आम्ही भाडेकरू असल्यामुळे आम्हाला पळून जाता येत नसे. तिसऱ्या वर्षी त्याने देवळातल्या नादस्वरावरून राग ओळखला. चौथ्या वर्षी मंत्र बेसूर म्हणणाऱ्या भटजींच्या हाताला तो चावला. सहाव्या वर्षी राजवाड्यात दसऱ्याला गायला आणि जरीची शाल मिळवली. ही शाल सहा वर्षांच्या मुलाच्या मापाची होती आणि प्रत्येक कचेरीला, म्हणजे मैफलीला, ती त्याच्या खांद्यावर असलीच पाहिजे असा अण्णांचा दंडक होता. हॉटेलातल्या पोऱ्याने खांद्यावर फडकं टाकावं तशी ती दिसायची. मी एकदा धीर करून म्हटलं, "अण्णा, शाल काही वाढत नाही." अण्णा शांतपणे म्हणाले, "वाढली असती तर ही तीच, हे लोकांना कसं कळलं असतं?"

घशाचं म्हणाल तर त्या घरात देवानंतर घसाच होता. दही वर्ज्य, गार पाणी वर्ज्य, संध्याकाळचा वारा वर्ज्य. कचेरीच्या दिवशी बोलणंही वर्ज्य. मग हवं-नको सगळं हातवाऱ्यांनी चालायचं आणि मीठ मागितलं की अर्धं घर उदबत्त्या घेऊन धावायचं. सगळ्यांत मोठा शत्रू आमच्या घरातली मिरचीची फोडणी. ती घालण्याआधी बायकोने मागच्या दारात घंटा वाजवायची, म्हणजे विद्वान फणसाखाली जाऊन उभे राहतील, असा तह ठरला. पण पहिल्याच दिवशी घंटा बेसूर निघाली. ती ऐकणं फोडणीपेक्षा वाईट, असं म्हणून त्याने नवी घंटा घ्यायला मला चिक्कपेटेत नेलं. भांड्यांच्या दुकानात बसून त्याने घंटा वाजवल्या, तांबे वाजवले, पराती वाजवल्या. दुकानदाराने आधी कॉफी पाजली, मग हात जोडले. बाहेर गिऱ्हाइकं तमाशा बघायला जमली. माझी अर्ध्या दिवसाची रजा गेली आणि शेवटी आम्ही पितळेची एक पळी घेऊन घरी आलो. "अक्का, ही भिंतीवर वाजवा," तो माझ्या बायकोला म्हणाला, "शुद्ध पंचम आहे." त्या घरात होतो तोवर माझी बायको फोडणीआधी भिंतीवर पळी आपटत होती. माहेरच्या माणसांना याचं कारण सांगता सांगता तिच्या नाकी नऊ यायचे.

आमची मुलगी झाली तेव्हा आता तरी याच्या गाण्याचा उपयोग होईल असं आम्हाला वाटलं. पोरगी संध्याकाळ झाली की टाहो फोडायची. विद्वान लगेच यायचा, पाळण्याशी मांडी घालून बसायचा आणि डोळे मिटून मान डोलवायचा. "भेष! तोडीतला गांधार आहे हो पुणेकर. रक्तात आहे पोरीच्या." बायकोने वैतागून पाळण्याला हात घातला की तो कळवळून म्हणायचा, "स्वल्प थांबा, अक्का. हलवू नका, गमक बिघडेल." पोरगी रडून रडून थकेपर्यंत मैफल चालायची.

त्याच्याबरोबर बाहेर जाणं म्हणजे तर शिक्षाच. त्याचा उजवा हात सदैव मांडीवर ताल देत असे. बसमध्ये गर्दी असली की शेजाऱ्याच्या मांडीवर. एकदा मार्केटच्या बसमध्ये एका जरीटोपीवाल्या वयस्कर गृहस्थांच्या मांडीवर त्याने असाच ताल धरला. ते गृहस्थ काही वेळ बघत राहिले. आता हा मार खाणार म्हणून मी खिडकीबाहेर पाहू लागलो. तेवढ्यात त्या गृहस्थांनी त्याचं मनगट पकडलं, मान हलवली आणि स्वतःच्या हिशेबाने सम कुठे येते ते त्याच्या मांडीवर दाखवायला सुरुवात केली. दोघांचं असं काही जुळलं की दोघांचाही थांबा गेला, आणि त्यांच्या आतल्या बाजूला बसलेलो म्हणून माझाही गेला. आमच्या हिंदुस्थानी गाण्याबद्दल त्याचं मत त्याने पहिल्याच आठवड्यात सांगून टाकलं होतं. "तुमच्याकडे राग दाराशी उभा राहून अर्धा तास चपला काढतो. आमच्याकडे येतो, जेवतो आणि ताट उचलून ठेवतो."

इतकं सगळं असून तो गायचा कधी, तर दुपारी चार वाजता. रामनवमीपासून पुढे महिनाभर बंगळुरात ठिकठिकाणी मांडव पडतात आणि रोज गाणं असतं. संध्याकाळी दिवे लागल्यावर मोठे विद्वान बसतात. दुपारी चारची वेळ होतकरू पोरासोरांची. पत्रिकेवर 'बाल' छापलेलं, म्हणून याला वर्षानुवर्षं चारची वेळ. आधी आठ वर्षांची एक मुलगी वीणा वाजवायची, मग हा. समोर कोण? संध्याकाळसाठी जागा धरायला आलेले म्हातारे, त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर त्यांच्या छत्र्या, आणि मागे पिंपात गुळाचं पानक ढवळणारे स्वयंसेवक. पुढच्या रांगेतल्या आजीबाई त्याचं गाणं संपलं की हळहळायच्या, "लहानपणी काय गायचा हो." तो हे ऐकायचा आणि शालीची घडी घालायचा. एकदा फणसाखाली, फोडणी विरायची वाट बघत असताना, तो एकाएकी मला म्हणाला, "पुणेकर, मला एकदा दिवे लागल्यावर गायचंय. आजपर्यंत मी उन्हातच गायलो." त्या दिवशी मला त्याचा पहिल्यांदा राग आला नाही.

यातली खरी अडचण मला मुलीच्या बारशाला कळली. त्या दिवशी तो आमच्याकडे गाणार होता. अण्णा होसकोट्याला एका लग्नाला गेलेले, त्यांची परतीची बस चुकली. माणसं जमली, तंबोरा लागला, विद्वान बसला. त्याने तोंड उघडलं आणि मिटलं. पाणी प्यायला. पुन्हा उघडलं, पुन्हा मिटलं. शेवटी म्हणाला, "घसा धरलाय, फोडणी लागली." त्या दिवशी आमच्या घरी फोडणी झालीच नव्हती, सगळं जेवण बाहेरून आलं होतं. माझी बायको जी संतापली, ती मी म्हणतो योग्यच संतापली.

दुसऱ्या दिवशी तो स्वतःहून आला. बराच वेळ मफलरशी चाळा करत बसला. मग म्हणाला, "घशाला माझ्या काही होत नाही हो. पाठीला होतं." सहाव्या वर्षी दरबारात बसवलं तेव्हा तो घाबरून उठून पळायला लागला होता. अण्णा मागे तंबोरा घेऊन बसले होते. त्यांनी उजव्या हाताने तारा छेडत डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला आणि पाठीवर ताल द्यायला सुरुवात केली. पोर शांत झालं आणि गायलं. तो हात तेव्हापासून तिथेच होता. लोकांना वाटायचं, बापाची माया. तालात हा कुणाला ऐकणारा नव्हता, स्वतः मांडीवर धडाधड ताल द्यायचा. पण पाठीवर तो हात नसला की सूरच उमटत नसे. "अण्णांना मी हे कधी बोललो नाही," तो म्हणाला. "त्यांना वाईट वाटेल. आणि हात काढला तर काय, हेही मला माहीत नाही." मी चिडून म्हटलं, "अहो, मग एकदा काढून तर बघा." त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू मी त्याला गच्चीवरून उडी मारायला सांगत होतो.

पुढच्या वर्षी अण्णांना अर्धांगवायूचा झटका आला. डावी बाजू गेली. माणूस वाचला, पण तो हात अंथरुणावर नुसता पडून राहिला. आणि रामनवमी जवळ आलेली असताना मांडवाचे सेक्रेटरी आमच्या दारी आले. मद्रासचे कुणी मोठे गवई आजारी पडले होते, संध्याकाळची एक बैठक रिकामी होती. "तुम्ही बसा," ते म्हणाले. "पण 'बाल' काढावं लागेल. संध्याकाळच्या पत्रिकेत ते शोभत नाही." विद्वानाने अण्णांकडे पाहिलं. खाटेवरून अण्णा म्हणाले, "सरी, ठीक आहे. काढा." ते ऐकून मीच चमकलो. सेक्रेटरी गेल्यावर अण्णांनी विचारलं, "आता पाठीवर हात कुणाचा?" म्हणजे त्यांना सगळं ठाऊक होतं. बाहेरच्या माणसाला हे सांगायची सोय नव्हती, गावभर हसं झालं असतं. घरातला आणि धडधाकट असा पुरुष मी एकटाच होतो. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

मी म्हटलं, मला आदिताल म्हणजे काय ते माहीत नाही. अण्णा म्हणाले, शिकवतो. मी म्हटलं, मला तंबोरा धरता येत नाही. अण्णा म्हणाले, तारा फक्त चार आहेत. झालं, रोज कारखान्यातून आलो की खाटेशी बसायचं आणि अण्णांनी चांगल्या हाताने माझ्या मनगटावर ताल मारायचा. मी जेवताना ताटावर ताल द्यायला लागलो, नकाशांच्या टेबलावर द्यायला लागलो. साहेबाने विचारलं, घरी सगळं ठीक आहे ना. बायको म्हणाली, "एक वेडा शेजारी होता, आता घरातही झाला." तिचं चुकत नव्हतं. पण या सगळ्यात एकदा त्याच्या चेहऱ्याकडे पाहिलं की मी पुन्हा तंबोरा उचलायचो. माणूस फाशीची तारीख ठरल्यासारखा दिसत होता. ही संध्याकाळ फसली असती तर परत चार वाजताही त्याला कुणी बोलावलं नसतं.

त्या संध्याकाळी मांडवात दिवे लागले होते. छत्र्यांच्या जागी माणसं होती. मी मागे बसलो, तंबोरा खांद्याला लावला, डावा हात त्याच्या पाठीवर ठेवला. पाठ घामाने भिजली होती. तो माझ्या हातावर किंचित रेलला आणि गायला लागला. बरं गायला. पहिल्या दोन-तीन रचना नीट गेल्या. पुढच्या आजीबाईंनी "लहानपणी" असं म्हणून सुस्कारा सोडल्याचंही मला ऐकू आलं. मग त्याने कल्याणी राग काढला, आणि माझ्या तंबोऱ्याची एक तार हळूहळू उतरायला लागली.

मला ते कळलंच नाही. त्याला मात्र अंगावर पाल पडल्यासारखं झालं. गाता गाता त्याने मान वळवून माझ्याकडे जो कटाक्ष टाकला, तसा त्याने कुठल्या घंटेकडेही टाकला नव्हता. डोळ्यांनी खुंटी दाखवली. खुंटी पिळायची तर डावा हात हवा. मी पाठीवरचा हात काढला आणि खुंटी धरली. तार आधी जास्त चढली, मग जास्त उतरली. तो तिकडे आलाप करतोय आणि मधेच मला ऐकू जाईल असा तो स्वर लांब धरून ठेवतोय, भुवया वर करून आणखी चढव म्हणतोय, डोळे वटारून पुरे म्हणतोय. व्हायोलिनवाला हसू दाबत होता. त्या माणसाला आपल्या पाठीची आठवणच राहिली नव्हती. त्याला फक्त ती एक तार दिसत होती आणि माझा गळा दाबावासा वाटत होता. माझी तार लागली तेव्हा त्याची कृती, म्हणजे आपली बंदिश, सुरू झाली होती, मृदंग सुरू झाला होता, आणि मांडवातल्या सगळ्या मांड्यांवर एक ताल चालला होता. मी घाईघाईने हात पुन्हा त्याच्या पाठीवर ठेवला. त्याने आपला हात मागे नेऊन, माशी वारावी तसा, माझा हात बाजूला केला.

पुढे काय झालं ते मला गाण्याच्या भाषेत सांगता यायचं नाही. एवढं खरं की त्या आवाजाच्या शेजारी मी पाच वर्षं राहत होतो आणि तो मी ऐकलेलाच नव्हता. शाल केव्हाच खांद्यावरून घसरून माझ्या मांडीवर पडली होती. आजीबाई गप्प होत्या. मला रडू येत होतं आणि एक हात तारांवर आणि दुसरा आता खुंटीवर असल्यामुळे डोळे पुसता येत नव्हते.

घरी आल्यावर बायकोने सांगितलं ते असं. मांडवाचे कर्णे आमच्या गल्लीपर्यंत ऐकू येत. अण्णा खाटेवर पडून उजव्या हाताने खाटेच्या कडेवर ताल देत होते. कल्याणीची कृती रंगात आली आणि त्यांचा हात एकदम थांबला. "अक्का," ते म्हणाले, "पुणेकरांनी हात काढला." बायको घाबरली, तिला वाटलं, आता सगळं फसणार. अण्णा म्हणाले, "ऐका, आवाज कुठे जाऊन पोचला. एवढी वर्षं माझाच हात आडवा होता की." बायको पांघरूण सारखं करायला गेली तेव्हा म्हणाले, "बेडा, नको. पांघरूण राहू दे. ती खिडकी पूर्ण उघडा."

अण्णा पुढची रामनवमी बघायला राहिले नाहीत. विद्वानाने दारावरच्या पाटीवर रंगाचा हात मारून 'बाल' पुसलं, पण स्वस्तातला रंग असल्यामुळे पावसाळ्यानंतर ते पुन्हा दिसायला लागलं, आणि मग त्याने ते तसंच राहू दिलं. मद्रासपासून धारवाडपर्यंत त्याला आता दिवे लागल्यावरच बोलावतात. लग्नही झालं, बायकोचा आवाज त्याच्या मते अर्ध्या स्वराने चढा आहे, आणि तिच्या मते त्याने ऐकू नये. आम्ही पुढे जे. पी. नगरला घर बांधलं. तिथे तो पहिल्यांदा आला तेव्हा घर कसं आहे हे न बघता दारावरची घंटा बदला म्हणाला. ती पितळेची पळी आमच्याकडे अजून आहे आणि ती जरीची शालही. ती परत घ्यायला तो विसरतो, आणि आम्हीही आठवण करून देत नाही.

त्याचं गाणं असलं की आम्ही जातो. मी पुढच्या रांगेत न बसता बाजूला बसतो, जिथून त्याची पाठ दिसते. मागे आता त्याचा एक शिष्य तंबोरा घेऊन बसतो, चांगला हातभर अंतर ठेवून. तंबोरा लागतो, मांडव शांत होतो, आणि पहिला सूर लावण्याआधी विद्वान किंचित मागे रेलतो. मागे कुणी नसतं. तो क्षणभर तसाच थांबतो, मग सरळ होतो आणि गायला लागतो.